बिनकापडाचं कव्हर

सूनबाई त्या घरात पहिल्यांदा गेली तेव्हा ती अजून कुणाचीच सूनबाई नव्हती, आणि तिथून बाहेर पडली तेव्हा तिच्या पर्सला कव्हर होतं.

दार होणाऱ्या सासऱ्यांनी उघडलं. गळ्यात मोजपट्टी, कानावर खडू, ओठांत टाचण्या. "या, या" हे शब्द त्या टाचण्यांतून वाट काढत बाहेर आले. मग त्यांनी तिला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. जगातले बाकीचे सासरे होणाऱ्या सुनेकडे बघताना रूप बघत असतील, वळण बघत असतील. या गृहस्थांच्या नजरेत निव्वळ मापं होती. उंची, रुंदी, खांद्याचा उतार. आपण आणखी थोडा वेळ दारात उभ्या राहिलो तर आपल्या कडेनं पाइपिंगची किनार फिरेल आणि पाठीला चेन बसेल अशी तिची खात्री झाली, आणि ती झटकन आत शिरली.

आत तर कमालच होती. टीव्हीला झालरीचं कव्हर. फ्रिजला कव्हर, फ्रिजच्या मुठीला वेगळं कव्हर. मिक्सर, इस्त्री, टेलिफोन, रिमोट, सगळे आपापल्या अंगरख्यात. भिंतीवरच्या घड्याळालाही कव्हर होतं, फक्त वेळ कळावी म्हणून तोंडाशी पारदर्शक खिडकी ठेवली होती. त्यामुळे घड्याळ आजारी माणसासारखं खिडकीतून बाहेर बघत बसलेलं वाटे. त्या अख्ख्या खोलीत उघडी म्हणावी अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे होणाऱ्या नवऱ्याचं तोंड. आणि तेही बोलण्यासाठी उघडलेलं नव्हतं.

ती सोफ्यावर बसली. सोफा कर्रकन ओरडला, कारण वरच्या छापील कव्हराखाली दुकानातून आलेलं मूळ प्लास्टिक जसंच्या तसं होतं.

"छान आहे सोफा," ती म्हणाली. काहीतरी बोलायला हवंच होतं. "आतून कुठल्या रंगाचा आहे?"

नवऱ्यानं आधी वडिलांकडे पाहिलं.

"मरून," नवरा म्हणाला. "म्हणतात."

"म्हणतात म्हणजे?"

"मी पाहिला नाहीये. माझ्या जन्माआधीपासून कव्हर आहे."

समोरच्या भिंतीवर होणाऱ्या सासूबाईंचा फोटो होता. त्या दोन वर्षांपूर्वीच गेल्या होत्या. फोटोला प्लास्टिकचं कव्हर आणि खाली बारीकशी चेन. आत सासूबाई मात्र दिलखुलास हसत होत्या, आता ही चेन उघडून कोणीतरी आपल्याला चहाला बोलावणार आहे अशा थाटात.

निघताना तिनं पर्स उचलली तर ती भलतीच गुबगुबीत लागली. चहा होईस्तोवर सासऱ्यांनी आतल्या खोलीत मशिनवर काम उरकलं होतं. "बाहेर धूळ फार," ते म्हणाले.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "माणसं कशी आहेत गं?"

"काय माहीत," ती म्हणाली. "सगळ्यांना कव्हर होतं."

तरी तिनं होकार दिला. एक तर मुलगा बरा होता. आणि दुसरं म्हणजे ती चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचं काम करत असे. काचेमागचा माणूस कसा आहे हे बघायची तिला सवयच होती.

सासऱ्यांना गल्लीतले सगळे कव्हरकाका म्हणत. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं चिंचोळं दुकान. एक शिवणयंत्र, रेक्झिनचे उभे केलेले गठ्ठे, आणि उरलेल्या जागेत स्वतः काका, तेही तिरके बसले तर. या दुकानातून त्यांनी स्कूटरपासून दंतवैद्याच्या खुर्चीपर्यंत सगळ्यांना झाकून टाकलं होतं. एका वकिलाच्या कुत्र्यालाही त्यांनी कव्हर शिवलं होतं, आणि कुत्रं फिटिंगला तीनदा आलं होतं. गिऱ्हाईक घासाघीस करू लागलं की काका म्हणत, "अहो, वस्तू माणसासारखीच असते. वारा लागला की बिघडते." हे ते इतक्या कळवळ्यानं म्हणत की गिऱ्हाईक जाताना स्वतःच्या शर्टाचं वरचं बटण लावून जाई.

या माणसाशी सासूबाईंनी अख्खा संसार कसा केला हे कोडंच होतं. त्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. आवाज खणखणीत, हसणं त्याहून. घराचा ताबा त्यांनी नवऱ्याला देऊन टाकला होता, पण गॅलरी दिली नव्हती. गॅलरीच्या दारात त्यांनी दुकानातल्याच खडूनं एक रेघ मारली होती आणि सांगून टाकलं होतं, "या रेघेपलीकडे तुमची मोजपट्टी चालायची नाही. इथे सगळं उघडं राहणार. मीसुद्धा."

काका रेघेअलीकडे उभे राहून फक्त उसासे टाकत.

त्या गॅलरीत सासूबाईंचं ऑर्किड होतं. नोकरी संपली त्या दिवशी एक्स्चेंजमधल्या मैत्रिणींनी दिलेलं. काका त्याला 'अर्कीट' म्हणत, आणि ते बरोबर करायचा प्रयत्न घरात कोणी केला नाही. लांब पट्ट्यांसारखी पानं, बुडाशी कांद्याएवढे हिरवे कंद, आणि हिवाळा सरता सरता फुलांचा एक लांबलचक दांडा. फुलं पिवळसर हिरवी, ओठावर तांबडे ठिपके, पान खाऊन लबाड हसावं तशी. एकदा आली की लाडक्या पाहुण्यासारखी आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकत. तेवढे दिवस सासूबाई त्यांना रोज "हॅलो" म्हणत आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला हात धरून वर आणत.

त्यांची नवऱ्याकडे मागणी एकच होती. "एकदा तरी मला त्या मखमलीवर बसू द्या हो. आपलाच सोफा आहे."

"बसशील गं. मुलगा जरा मोठा होऊ दे. पाय पुसत नाही तो."

मग घराला रंग लागू दे झालं. मग सून येऊ दे. सून यायच्या आधी सासूबाईच गेल्या. थंडीचे दिवस होते. संध्याकाळच्या त्या गॅलरीत झाडापाशी बसल्या, शाल घ्यायला आत कोण जातं म्हणून तशाच बसल्या, गारठा छातीत उतरला, आणि दवाखान्यातून घरी आल्या नाहीत. काका त्या संध्याकाळी दुकानात एका स्कूटरचं कव्हर पुरं करत होते. स्कूटर अजून खणखणीत आहे.

त्यानंतर काकांनी खडूची रेघ ओलांडली.

त्यांनी अर्कीटला कव्हर शिवलं. साधंसुधं नव्हे. आत कापूस, त्याला चौकडीची टीप, आतून अस्तर, बाजूला चेन, आणि खाली कुंडीच्या गळ्याशी आवळायला नाडी. ऊन कलायला लागलं की काका दुकान अर्ध्यावर टाकून घरी येत, कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवत, पानं हळूच गोळा करून आत घालत आणि चेन वर ओढत. दुसऱ्या दिवशी ऊन चांगलं चढलं की चेन खाली. घरात नवी आलेली सूनबाई पहिल्या संध्याकाळी गॅलरीत गेली आणि कोपऱ्यात कोणीतरी ठेंगणं माणूस दुलई पांघरून बसलंय असं वाटून किंचाळली होती.

झाडाची तब्येत झकास होती. पानं काळीभोर म्हणावीत इतकी हिरवी. काका त्यांच्याकडे बोट दाखवून सांगत, "बघ कशी तकाकी आहे! हिच्या वेळी नव्हती अशी."

फक्त फूल येत नव्हतं.

पहिल्या हिवाळ्यात काका म्हणाले, झाडाला दुःख झालंय, त्यालाही कळतं. दुसऱ्या हिवाळ्यात म्हणाले, रुसलंय. तिसऱ्या हिवाळ्यात काही म्हणाले नाहीत. कारण तिसऱ्या हिवाळ्यात वरच्या मजल्यावरच्या क्लचकाकूंनी त्यांना गच्चीवर बोलावलं.

क्लचकाकूंनी उभी हयात लोकांना मोटार चालवायला शिकवलं होतं. गावातली निम्मी वाहनं त्यांच्या शिव्या खाऊन रस्त्यावर आली होती. निवृत्त झाल्या तरी पाय त्यांचे सतत ब्रेक शोधत. सासूबाईंची आणि त्यांची घट्ट मैत्री. सासूबाईंनी एका वर्षी ऑर्किड कुंडीत मावेना म्हणून विळ्यानं त्याचे दोन भाग केले आणि एक क्लचकाकूंना दिला. काकूंनी तो गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे ठेवला, आणि विसरून गेल्या. टाकीची गळती होती, तेवढंच त्याला पाणी. त्या दिवशी प्लंबरला टाकी दाखवायला त्या गेल्या, तर टाकीमागे लग्नघरासारखी रोषणाई! दांडेच्या दांडे फुलांचे, पिवळसर हिरवे, तांबड्या ओठांचे.

"भाऊजी, बघा तरी!" काकू ओरडल्या. "मी काय केलं? काही म्हणजे काही नाही!"

कव्हरकाकांनी बघितलं. "छान आहे," म्हणाले. खाली आले, आणि जेवले नाहीत.

"बाबा, काय झालं?" सूनबाईनं विचारलं.

"काही नाही गं."

"बाबा."

ते बराच वेळ मोजपट्टी गुंडाळत आणि उलगडत बसले. मग म्हणाले, "तिनं चांगला अर्धा वर दिला. मला उरलेला ठेवला."

"असं कसं म्हणता?"

"तसंच आहे ते. मी तिला काय दिलं होतं? साधं सोफ्यावर बसू दिलं नाही." मोजपट्टीची गुंडाळी त्यांनी टेबलावर ठेवली आणि सवयीनं वर वाटी उपडी घातली. "पुढच्या हिवाळ्यातही नाही फुललं, तर वर देऊन टाकणार. तिच्याकडे तरी सुखानं राहील."

नवऱ्यानं वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं आणि परत आत घातलं. आई-बाबांच्या भांडणात तो नेहमीच तटस्थ देश होता, आणि आई गेल्यावरही त्यानं धोरण बदललं नव्हतं.

पण सूनबाईला झोपच आली नाही. घरातली ती एकच वस्तू सासूबाईंची होती आणि एकच वस्तू जिवंत होती. ती वरच्या मजल्यावर गेली की या माणसाला संध्याकाळी दुकानातून घरी यायला काही कारण उरणार नव्हतं.

सुट्टीच्या दिवशी ती गावाबाहेरच्या नर्सरीत गेली. नर्सरीवाली बाई कुंडीत झाडाच्या सालीचे तुकडे भरत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "पानं कशी आहेत?"

"मस्त. गडद हिरवी."

"गडद? म्हणजे उजेड कमी पडतोय. पोपटी पाहिजेत. रात्री कुठे असतं?"

"बाहेर, गॅलरीत."

"मग बरोबर आहे."

"दुलईत," सूनबाई म्हणाली.

बाईचं खुरपं थांबलं. "कशात?"

"दुलईत. म्हणजे कव्हर आहे. चेन आहे त्याला. अस्तर पण आहे."

बाई अशी हसली की तिला खताच्या पोत्यावर बसावं लागलं. डोळे पुसून ती म्हणाली, "अगं माझ्या राणी, हे डोंगरातल्या गार हवेचं झाड आहे. आपल्याकडची थंडी म्हणजे त्याला नुसती झुळूक. बाराही महिने बाहेर ठेव. आणि पावसाळा सरला, रात्री गार पडायला लागल्या, की तो गारवाच त्याला सांगतो, आता फुलं धर म्हणून. तुमच्या झाडाला हिवाळा आल्याचं कोणी कळवलेलंच नाही. ते बिचारं अजून वाट बघतंय."

"मग काय करू?"

"चेन उघड," बाई म्हणाली आणि परत हसत सुटली.

घरी येऊन सूनबाईनं चहाच्या कपाबरोबर हे सासऱ्यांपुढे ठेवलं. हसण्याचा भाग गाळला. काकांनी सगळं ऐकून घेतलं, बशी कपावर झाकली आणि म्हणाले, "थंडीत उघडं टाकू? तिचं झाड?"

"बाबा, त्याला थंडीच हवी आहे."

"थंडी कोणालाही नको असते."

"माणसांना नको असते. झाडाला..."

"एकदा मी दुकानात होतो," काका म्हणाले, आणि कपावरची बशी पुन्हा नीट बसवू लागले.

सूनबाईच्या हातातला कप तसाच राहिला. चष्म्याच्या दुकानात कधी कधी होई तसं झालं. काच बदलता बदलता एकदम योग्य नंबर लागावा आणि समोरच्या पाटीवरची बारीक अक्षरं लख्ख दिसावीत. आता या माणसाशी थंडीबद्दल वाद घालण्यात अर्थ नव्हता.

नेमक्या त्याच वेळी क्लचकाकू आपल्या स्कूटरचं कव्हर उसवलं म्हणून तक्रार घेऊन आल्या. दारातूनच त्यांनी विचारलं, "काय हो भाऊजी, इंजिन बंद का पडलंय?"

सूनबाईनं सांगून टाकलं. झाडाचं, गारव्याचं, आणि धीर करून चांगल्या अर्ध्याचंही. काकांनी तिच्याकडे असं बघितलं की जणू तिनं भर चौकात त्यांच्या अंगावरचं पांघरूण ओढलं होतं.

क्लचकाकू सोफ्यावर बसल्या. सोफा कर्रकन ओरडला.

"चांगला अर्धा?" त्या म्हणाल्या. "भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे का? मला दिला तो तुकडा कुजका होता. दोन सुरकुतलेले कंद आणि एक पान. 'जगला तर जगला, टाक कुठेतरी,' म्हणाली मला. मी म्हटलं, अगं तो भरलेला दे की. तर म्हणे, 'तो नाही देणार. तो आमच्या ह्यांच्यासाठी. मी नसले तर त्यांना काहीतरी झाकायला नको का?'"

कोणी हसलं नाही. मग काकूच हसल्या, आणि त्यांचे डोळे भरून आले, आणि त्या पदर शोधू लागल्या.

कव्हरकाका उठून गॅलरीच्या दारात गेले. खडूची रेघ केव्हाच पुसली गेली होती, तरी ते तिथेच थांबले.

"म्हणजे चांगला माझ्याकडे होता," ते म्हणाले. "आणि मी..."

"क्लच दाबून ठेवलात नुसता," काकू म्हणाल्या. "सोडा की आता. हळूहळू सोडा, पण सोडा."

हळूहळू हा शब्द काकांनी फारच मनावर घेतला.

पावसाळा सरला. पहिल्या गार संध्याकाळी ते नवीन कव्हर घेऊन आले. कापूस काढून टाकलेलं, नुसतं जाड सुती. "आता गार लागेल त्याला," म्हणाले. सूनबाई म्हणाली, "बाबा, हे पडद्याचं कापड आहे." चार दिवसांनी मलमलीचं आलं. "यातून सुई जाते, वारा का नाही जाणार?" मग मच्छरदाणीच्या जाळीचं आलं, छान गुलाबी पाइपिंगचं. नवरा ऑफिसातून आला तेव्हा म्हणाला, "बाबा, झाडाचं लग्न आहे का?" तटस्थ देशाचं हे गेल्या कित्येक वर्षांतलं पहिलं वक्तव्य होतं.

"जाळी पण नको, बाबा," सूनबाई म्हणाली.

"मग काहीच नको?"

"काहीच नको."

काका दुकानात गेले आणि आठवडाभर त्या विषयावर बोलले नाहीत. संध्याकाळ झाली की गॅलरीत येत आणि झाडापुढे हात लोंबकळत ठेवून उभे राहत. ते हात बघवत नसत. जन्मभर काहीतरी ओढून घेणारे, आवळणारे, टीप मारणारे हात, आणि आता त्यांना संध्याकाळी उद्योग नाही. सूनबाईच्या मनात येई, आपण फुलासाठी या माणसाचं भलतंच काहीतरी सोडवून घेतोय.

मग एका संध्याकाळी ते काखेत काहीतरी घेऊन आले.

"हे घे. धर एक टोक."

तिनं धरलं. हातात आली ती नुसती दोरीसारखी शिवण. वर गोल पाइपिंग, खाली गोल पाइपिंग, दोन्हींना जोडणाऱ्या चार उभ्या पट्ट्या, आणि त्यांतल्या एका पट्टीत पितळेची चेन. मध्ये काही नाही. आरपार हवा.

"बाबा, हे काय आहे?"

"कव्हर."

"कापड कुठे आहे?"

"कापड नाही लावलं," काका म्हणाले. "शिवण आहे. चेन आहे. वारा काय जायचा तो जाईल."

त्यांनी तो सांगाडा झाडावरून अलगद उतरवला, पानं नीट केली, खालची नाडी आवळली आणि सवयीनं चेन वर ओढली. चेनीचा तो झर्रकन आवाज झाला, आणि त्यांचे खांदे खाली आले. झाड पूर्वीइतकंच उघडं होतं. काका मात्र निवांत जेवले.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी चेन वर आणि दुसऱ्या दिवशी चेन खाली, एकदाही चुकलं नाही. समोरच्या इमारतीतल्या लोकांनी हसून हसून शेवटी त्याबद्दल बोलणंही सोडून दिलं. दुकानात एकानं विचारलं, "काका, त्या कव्हराचा उपयोग काय?" काका म्हणाले, "धुवायला सोपं."

हिवाळा चांगलाच आला. एका संध्याकाळी असा गारठा सुटला की गल्लीतली कुत्री जिन्यात आली. सूनबाई कामावरून परतली तर घरात काका नाहीत. गॅलरीत बघते तो झाडाशेजारी स्टूल टाकून बसलेले, आणि अंगावर अर्कीटचं जुनं चेनवालं कव्हर. चौकडीच्या टिपेचं, कापूस भरलेलं. नाडी गळ्याशी आवळलेली. झाड उघडं आणि काका झाकलेले.

"बाबा, आत या! सर्दी होईल."

"बसतो जरा," काका कव्हरातून म्हणाले. "एकटं नको वाटायला."

तिनं आग्रह केला नाही. आत गेली, दोन कप चहा घेऊन आली, आणि दुसरं स्टूल ओढून बसली. कपांवर बशा झाकायचं तिच्या लक्षात राहिलं नाही, आणि काकांनीही काही म्हटलं नाही.

काकांना सणसणीत सर्दी झाली. झाडाला काही झालं नाही.

मग एका कंदाच्या बुडाशी कोंब दिसला. बोटाच्या पेराएवढा. घरात खळबळ उडाली. फुलाचा की पानाचा? नर्सरीवालीनं सूनबाईला सांगून ठेवलं होतं, पानाचा कोंब चपटा असतो आणि टोकाशी लवकर फुटतो, फुलाचा गोल आणि भरीव असतो, बोटानं हलकेच दाबला तर कळतो. पण दाबायला काका कोणाला हात लावू देईनात. क्लचकाकू वाकून बघून म्हणाल्या, "पानच आहे. उगाच हॉर्न वाजवू नका." काका त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत. सूनबाईनं चष्म्याच्या दुकानातलं भिंग आणलं. नवऱ्यानं सुद्धा भिंगातून पाहिलं आणि "असू शकेल" असं म्हणून दोन्ही बाजूंना खूश ठेवलं. काका मोजपट्टी घेऊन रोज मापं काढत. कोंब वाढला, गोलच राहिला, वाकला, सरळ झाला, आणि त्यावर बोरांसारख्या कळ्या धरल्या.

एका सकाळी पहिली कळी उघडली. पिवळसर हिरवी, तांबड्या ठिपक्यांच्या ओठाची.

काकांनी बिनकापडाच्या कव्हराची चेन खाली ओढली, ते बाजूला ठेवलं, आणि फुलापुढे उभे राहिले. काहीतरी बोलायचं त्यांच्या मनात होतं, पण झाडाशी बोलायचं काम कायम सासूबाईंचं होतं. शेवटी घसा साफ करून ते म्हणाले, "हॅलो."

सूनबाई आत जाऊन उगाचच भांडी घासू लागली.

सगळा दांडा फुलला त्या दिवशी काकांनी दुकान बंद ठेवलं. क्लचकाकूंना चहाला बोलावलं. त्या आल्या, फुलं पाहिली, "माझ्यापेक्षा दांडे कमी आहेत, पण पास," म्हणाल्या आणि सोफ्याकडे वळल्या.

"थांबा," काका म्हणाले.

ते सोफ्यापाशी गेले. कडेची चेन त्यांनी स्वतः लावली होती, मुलाच्या जन्माआधी. ती गंजली होती. मेणबत्ती घासून घासून त्यांनी ती मोकळी केली. छापील कव्हर निघालं. त्याखालचं प्लास्टिक पिवळं पडलं होतं, ते कात्रीनं कापलं. नवरा उठून उभा राहिला. त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच तो हा सोफा बघत होता.

सोफा मरून नव्हता. तपकिरी होता.

"मरूनच घेतला होता," काका म्हणाले.

"बरं, असू दे," क्लचकाकू म्हणाल्या. "तिच्या वतीनं बसते मी," आणि बसल्या.

आतल्या फोमचा इतक्या वर्षांत भुगा झाला होता. मखमल बुरशीनं विरली होती. काकू थेट फळीपर्यंत गेल्या, आणि पिवळ्या धुळीचा एक लोट उठून सगळ्यांच्या चहात बसला.

दुसऱ्या दिवशी सोफा भंगारवाल्यानं नेला. कव्हर चांगलं होतं, ते ठेवून घेतलं.